फोडणी मास्तर

सातच्या फोडी किती, असं मला कुणी गाढ झोपेतून उठवून विचारलं तरी मी पंधरा म्हणून सांगेन, आणि सांगून झाल्यावर विचारणाऱ्यावर चिडेन. हे ज्ञान मी मागितलेलं नव्हतं. मी मराठी आणि इतिहास शिकवणारा माणूस. खर्ड्याच्या हायस्कुलात नोकरीला लागलो तेव्हा गावात भाड्याची खोली मिळेना, म्हणून हेडमास्तरांनी मला गणिताच्या मास्तरांच्या खोलीत ढकललं. "माणूस निर्व्यसनी आहे," ते म्हणाले. ते खरं होतं. विडी नाही, तंबाखू नाही, पत्ते नाहीत. त्यातलं एखादं असतं तर मला चाललं असतं.

फोड म्हणजे काय ते आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. एखादी संख्या घ्यायची आणि ती किती प्रकारांनी तुकड्यांत मोडता येते ते बघायचं. तीन म्हणजे आख्खे तीन. किंवा दोन आणि एक. किंवा एक, एक आणि एक. झाल्या तीनच्या तीन फोडी. दोन-एक म्हणा नाहीतर एक-दोन म्हणा, ती एकच धरायची. एवढंच आहे ते. पाचवीतल्या पोराला समजेल. पण हा गृहस्थ भिंतीवर खडूनं ओळ लिहायचा: दोनच्या दोन, तीनच्या तीन, चारच्या पाच, पाचच्या सात, सहाच्या अकरा. मग खडू माझ्यावर रोखायचा.

"काय दिसतंय?"

दोन, तीन, पाच, सात, अकरा. सगळ्या मूळ संख्या, दुसऱ्या कशानंही भाग न जाणाऱ्या, आणि मधली एकही न गाळता ओळीनं आलेल्या.

"मग सातच्या किती यायला पाहिजेत?"

तेरा यायला पाहिजेत. येतात पंधरा.

हा त्याला स्वतःचा अपमान वाटायचा. कुणीतरी आपला हात धरून अकरापर्यंत नेलं आणि तिथं विहिरीत ढकललं, असं तो म्हणायचा. पुढची ओळ त्यानं हातानं काढली होती. पंधरा, बावीस, तीस, बेचाळीस करत करत ती हजारांत जाते. पण सगळी वाट चालून तो परत सातशी यायचा. न जाणो, आपण दोन फोडी जास्त धरल्या असतील! सकाळी मी दाढीला बसलो की आरशात माझ्या खांद्यामागून त्याचं तोंड उगवायचं.

"तीन-दोन-दोन आणि दोन-दोन-तीन आपण वेगळं धरलेलं नाही ना?"

"नाही धरलेलं."

"नक्की?"

त्या तीन वर्षांत माझी हनुवटी किती वेळा कापली, ते मला आणि तुरटीच्या खड्याला माहीत.

पोरांनी त्याचं नाव फोडणी मास्तर ठेवलं होतं. वर्गात कुणी बोलला की तो छडी मारायचा नाही; आठच्या फोडी लिहून आण म्हणायचा. पोरांना ही शिक्षा आवडायची, हे त्याहून वाईट. मग ती मुद्दाम बोलायची. माझा तास सुरू असताना मागच्या बाकावर दोघं कुजबुजताना पकडले, तर ते शिवाजी महाराजांच्या सुटकेबद्दल बोलत नव्हते. नऊच्या फोडींवरून त्यांची मारामारी व्हायची बाकी होती. हेडमास्तरांनी एकदा त्याला बोलावून विचारलं, "हे अभ्यासक्रमात आहे का?"

"नाही, सर."

"मग मुलं का करतात?"

"अभ्यासक्रमात नाही म्हणूनच करत असतील."

हेडमास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. त्याच्या प्रत्येक उत्तरानंतर लोक माझ्याकडे पाहायचे, जणू मीच त्याला शिकवून आणलं होतं.

त्याचं एक वाक्य होतं: "क्रमाला महत्त्व नाही." फोडींच्या बाबतीत ते बरोबर असेल, पण त्यानं ते सगळ्या संसाराला लावलं होतं. नववं प्रकरण आधी शिकवायचा, दुसरं दिवाळीनंतर. जेवताना आधी ताक प्यायचा, मग कोरडी भाकरी खायचा, आणि मीठ राहिलं हे लक्षात आलं की चिमूटभर तोंडात टाकून वर पाणी प्यायचा. चहाचा त्याचा दिवस असला की पातेल्यात आधी दूध, मग साखर, मग पाणी पडायचं आणि पावडर कधीतरी आठवली तर. मी तोंड वाकडं केलं की ते वाक्य यायचंच. शाळेला उशीर होत असला तर अंघोळ संध्याकाळी करायचा. शेवटी स्वयंपाक मी माझ्याकडे घेतला. त्याला वाटलं, मला स्वयंपाकाची आवड आहे.

एकदा मी त्याच्याबरोबर नगरला निघालो. जामखेडला गाडी बदलली आणि याची जागा कंडक्टरशेजारी आली. अर्ध्या वाटेत यानं त्याला विचारलंच. कंडक्टर भला माणूस, तिकिटं फाडून कंटाळलेला. तो बोटांवर मोजत बसला, मधे दोनदा घंटी मारायला विसरला आणि शेवटी म्हणाला, "तेरा भरत्यात, गुरुजी."

तेरा! हा उठून उभा राहिला आणि चालत्या गाडीत त्यानं कंडक्टरचा हात हातात घेतला. उतरल्यावर स्टँडवर त्याला, ड्रायव्हरला आणि मला चहा पाजला. चहा संपत आला तेव्हा त्याचा चेहरा हळूहळू उतरायला लागला. कंडक्टरनं तीन-दोन-दोन सोडलं होतं, आणि दोन-दोन-दोन-एकही. बशीतला चहा तसाच ठेवून तो म्हणाला, "चला." मला नगरात पुस्तकं घ्यायची होती, बहिणीकडे जायचं होतं. दिवसभर मी एका सुतकी माणसाला बाजारातून हिंडवत होतो, आणि बहीण पुन्हापुन्हा मला बाजूला घेऊन विचारत होती, "त्यांच्या घरी कुणी गेलंय का रे?"

घर त्याचं काष्टीला. घरची शेती, मोठं खटलं, आईवडील, भाऊ, आणि लग्न होऊन चार वर्षं झालेली बायको. ती तिथं, हा इथं. खोली लहान आहे, पाण्याची अडचण आहे, पुढच्या वर्षी बघू, असं तो म्हणायचा. खोली लहान होती हे खरं, पण त्याच्या शेंगांना ती पुरायची. घरून पोतंभर भुईमुगाच्या शेंगा यायच्या आणि तो त्यांचे जमिनीवर ढीग लावायचा: इथं चार, इथं दोन, इथं एक. ढिगांमधून पाय टाकत मी चुलीपाशी जायचो. एक ढीग माझ्या पायानं मोडला तर त्या दिवशी अबोला. तो अबोला मला आवडायचा, पण टिकायचा नाही.

एका सुटीत वहिनी न कळवता आल्या. बरोबर धाकटा दीर होता. हा काही कामानं शाळेत गेलेला. त्यांनी उंबऱ्यात उभं राहून सगळ्या जमिनीवर नजर फिरवली, मग कोपऱ्यातलं सूप घेतलं आणि एका बाजूनं शेंगा भरायला लागल्या. मी म्हणालो, "वहिनी, ते त्यांचं गणित आहे."

"आसंल की," त्या म्हणाल्या. "भाजल्यावर काय कमी व्हनार हाय?"

हा आला तेव्हा खोलीभर भाजलेल्या शेंगांचा वास होता. तो खाली बसला. टरफलं काढून खायला लागला. जाताना वहिनी मला म्हणाल्या, "तुमी ह्यांच्यासंगं ऱ्हाता, भाऊजी? लई धीर हाय तुमाला." आणि मग त्याच्याकडे न बघता, "मलाबी आसता, पर कुनी इचारलं पायजे ना." तो तेव्हा दिराला काहीतरी समजावून सांगत होता. काय ते सांगायला नकोच.

सव्वीस जानेवारीचं तर मी विसरायचं ठरवलंय. ड्रिलचे मास्तर तापानं पडले आणि हेडमास्तरांनी मुलं उभी करायचं काम याच्यावर सोपवलं. पंचायत समितीचे सभापती येणार होते. मी म्हणालो होतो, सर, हे नका करू. मुलं सरळ रांगांत उभी करायची सोडून यानं पहिली रांग मोठी, दुसरी तिच्याहून लहान, तिसरी अजून लहान अशी लावली. सभापती आले, झेंड्याखाली उभे राहिले. यानं आज्ञा दिली, सगळी मुलं उजवीकडे वळली आणि हा धावत बाजूला जाऊन रांगा मोजायला लागला.

"साहेब, इकडून बघा! मघाशी चार, दोन, एक असं असतं तर आता तीन, दोन, एक, एक दिसतं. मुलं तीच. एक फोड फिरवली की दुसरी निघते!"

सभापती शांत माणूस. त्यांनी दोरीला हात लावून विचारलं, "गुरुजी, झेंडा वर करू का आता?"

हेडमास्तरांनी माझ्याकडे पाहिलं.

बहात्तरला पावसानं तोंड दाखवलं नाही. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत शाळेच्या पटावरची निम्मी पोरं आईबापांबरोबर दुष्काळी कामावर गेली होती, आणि सुटी लागताच आम्हा मास्तरांनाही तिथं हजेरी घ्यायला धाडलं. आमच्या वाट्याला खडी फोडायचं काम आलं. उघडा माळ, दगडांच्या राशी, आणि हातोड्यांचा आवाज सकाळपासून उन्हं कलेपर्यंत. काम टोळीनं चालायचं. टोळीनं फोडलेल्या खडीचा ढीग एकत्र मोजायचा आणि त्यावर जे मिळेल ते टोळीत सारखं वाटायचं. टोळी पाच माणसांच्या खाली नाही, हा ओव्हरसियरचा नियम. टोळ्या मात्र ज्यानं त्यानं आपल्या करायच्या.

झालं असं की, दणकट माणसं दणकट माणसांत गेली. गोदाबाई म्हणून एक उंचपुरी बाई होती. तिच्या टोळीचा ढीग रोज सगळ्यांत मोठा. आणि कुणाच्याच टोळीत नाहीत अशी तीन माणसं उरली. पाय अधू असलेला भिवा, दिवस भरत आलेली एक पोरगी, आणि शेवंताबाई. शेवंताबाई म्हातारी, एका डोळ्यात फूल पडलेलं. तिची हातोडी निम्म्या वेळा दगडावर पडायची, निम्म्या वेळा मातीत. मुलगा कामाला म्हणून गेला तो गेलाच. लहान नात पदराला. टोळी नाही म्हणजे हजेरी नाही, आणि हजेरी नाही म्हणजे मजुरी नाही, नातीला खायला सरकारी सुकडीही नाही. रोज सकाळी ती येऊन बाभळीखाली बसायची आणि कुणी हाक मारतंय का बघायची.

हा ओव्हरसियरपुढे जाऊन उभा राहिला. "साहेब, एक हासुद्धा भागच असतो. एकटीची टोळी धरा."

"गुरुजी, नियम पाचाचा आहे."

"नियम चूक आहे."

"मी केलेला नाही."

मी त्याला दंडाला धरून बाजूला आणलं. वाटलं, संपलं. पण तो माळावर गोटे मांडत बसला. दोन दिवस तेच. दणकट, मध्यम, अशक्त असे गोटे निवडले, आणि प्रत्येक टोळीत सगळ्या प्रकारचे सारखे येतील अशा टोळ्या पाडल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी, कुणालाही न विचारता, त्यानं नव्या टोळ्या वाचून दाखवल्या.

असा गोंधळ मी त्याआधी पाहिला नव्हता. सासू एका टोळीत, सून दुसऱ्या टोळीत, माळाच्या दुसऱ्या टोकाला. नवरा-बायकोंची ताटातूट. दोन घरांचं वीस वर्षांचं वैर, ती दोन्ही घरं याच्या कृपेनं एका ढिगाला. हातोड्या खाली पडल्या. गोदाबाई कमरेवर हात ठेवून समोर आली.

"मास्तर, माजी सून तिकडं, मी हिकडं. तिचं लेकरू माज्यापाशी. त्याला पाजायचं कुनी? तुमी?"

"पण बाई, बेरीज बघा. प्रत्येक टोळीची ताकद सारखी येते."

"बेरीज न्या तुमच्या घरी!" तिनं पायानं त्याचे गोटे उधळले. "आमी मानसं हावोत. गोटं न्हाई, हितनं उचलून तितं ठिवायला."

दुपारपर्यंत काम बंद. ओव्हरसियर माझ्यावर ओरडला, "तुमच्या मित्राला आवरा."

"मित्र नाहीत," मी म्हणालो. "एका खोलीत राहतो."

टोळ्या पुन्हा होत्या तशा झाल्या. शेवंताबाई पुन्हा बाभळीखाली. याचा चेहरा नगरच्या स्टँडवर झाला होता तसा, पण या वेळी तो गप्प बसला नाही. कुणाची तरी हातोडी उचलून तो बाभळीखाली जाऊन बसला. "आजी, या. भिवा, तू ये. पोरी, तूही." मग त्यानं मान वर केली. "चार झाले. पाचवे तुम्ही."

"मी मराठीचा मास्तर आहे."

"दगडाला विषय लागत नाही."

मी का बसलो ते मला आजही धड सांगता येत नाही. सगळा माळ काम थांबवून माझ्याकडे बघत होता, हे एक कारण. शेवंताबाईनं तिच्याजवळचं फडकं झटकून मला बसायला अंथरलं, हे दुसरं.

ओव्हरसियर धावत आला. "तुमची नावं हजेरीच्या मस्टरवर येणार नाहीत हं, गुरुजी!"

"नावं नकोत," हा म्हणाला. "माणसं मोजा."

ओव्हरसियरनं मोजली नाहीत, पण हाकललंही नाही. आम्ही फोडायला लागलो. फोडायला लागलो म्हणजे, शेवंताबाई आणि भिवा फोडत होते. त्या पोरीला आम्ही नुसतं बसवलं होतं. माझा दगड दर घावाला उडून लांब जायचा आणि मी तो आणायला उठायचो. हा तर एकाच दगडावर अर्धा तास होता. कुठून मारलं तर सारखे तुकडे पडतील ते बघत होता. ऊन माथ्यावर आलं तेव्हा आमच्या पाच जणांपुढे टोपलीभर खडी होती, आणि तीही बहुतेक म्हातारीची. तिला आमची दया आली. "ऱ्हाऊ द्या, बाबांनो," ती म्हणाली. "माज्यापायी तुमी कशाला मरता?"

मरायचं त्याच्या मनात नव्हतं. तो म्हणाला, "उद्या जमेल." उद्या! माझ्या अंगावर काटा आला.

उन्हं कलल्यावर गोदाबाई आली. आमच्या खडीकडे पाहिलं, याच्या हातांकडे पाहिलं, मग माझ्या. कपाळाला हात लावला.

"उठा. दगूड आसा धरत्यात व्हय? समदा माळ हासाया लागलाय. बायांचं कामात ध्यान न्हाई तुमच्या पायी." मग शेवंताबाईकडे वळून, "म्हातारे, ऊठ. माज्या टोळीत ये. तू फोडू नगंस, बारीक खडी येचून ढिगावर टाक. आमचा येळ वाचंल." तिथूनच तिनं दुसऱ्या टोळीच्या बाईला हाक मारली. "रखमे, भिवाला तू घे. बसून फोडतोय, त्याला पायाचं काय काम? आन् ही पोरगी सावलीत बसून समद्या टोळ्यांची लेकरं बघंल. तिला भवानी आपल्या टोळीत घील. आर्दा वाटा भवानीची टोळी दील, आर्दा आमी समद्या."

दोन मिनिटांत झालं. म्हातारी नातीला घेऊन गोदाबाईमागून चालायला लागली. माळभर हातोड्या पुन्हा वाजायला लागल्या. हा हातोडी मांडीवर ठेवून त्यांच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "ही फोड मला सुचली नव्हती."

त्या क्षणी मी त्याला हातोडी मारली असती. पण मला ती उचलता येत नव्हती.

गावाकडे चालत निघालो. दोघांच्याही तळव्यांना फोड आले होते. तो आता ते मोजायला लागणार, या भीतीनं मी हात पाठीमागे घेतले. तो मोजायला लागला नाही. वाटभर बोलला नाही. तीन वर्षांत मी त्या शांततेसाठी किती आसुसलो होतो, आणि ती मिळाली तर मला करमेना. वेशीपाशी तो थांबला.

"तुम्ही दुसरी खोली बघा."

"का?"

"मी हिला आणतोय."

मला आधी कळलंच नाही, कुणाला. "वहिनींना? आत्ता? पाण्याचा थेंब नाही गावात!"

"ती विचारत होती."

"कधी?"

"चार वर्षं."

"मग आजच काय झालं?"

त्यानं तळवे उघडून बघितले, परत मिटले. "आज बाभळीखाली बसल्यावर ऐकू आलं," तो म्हणाला, आणि पुढे चालायला लागला.

ऐन उन्हाळ्यात, दुष्काळात, हात फाटलेले असताना मी खोली शोधत हिंडलो. गावात कुणी देईना. शेवटी हेडमास्तरांनी शाळेच्या अडगळीच्या खोलीत, फाटक्या नकाशांजवळ, जागा करून दिली. वर म्हणाले, "तुम्ही त्यांना समजून घ्यायला हवं." मी फाटके नकाशे गुंडाळायला लागलो.

वहिनी आल्या त्या दिवशी मी खाट डोक्यावर घेऊन दारातून बाहेर पडत होतो. त्या ट्रंक आणि स्टोव्ह घेऊन समोर उभ्या.

"भाऊजी, खाट घिऊन कुठं निगालात?"

"शाळेत. दुसरीकडे जागा मिळालीय."

"म्हंजी? माज्यापायी तुमाला भाईर काडलं व्हय? सुटी सरंस्तवर तरी ऱ्हाऊ द्यायचं. मी आले आसते की मागनं!" त्या त्याच्याकडे वळल्या. "तुमी मला का बोल्ला न्हाईत?"

तो उंबऱ्यात उभा होता. त्यानं त्यांच्या हातातला स्टोव्ह घेतला. मला खूप काही बोलता आलं असतं. तीन वर्षांचं साठलेलं होतं. पण डोक्यावर खाट असताना माणूस भांडू शकत नाही. "येतो, वहिनी," म्हणून मी निघालो. गल्लीच्या वळणापर्यंत मागून त्यांचा आवाज येत होता. भाऊजींना रोज जेवायला बोलवायचं, आधी पाण्याची सोय करायची, ह्या भिंतीवरचं पुसून टाकायचं. आणि दर वाक्यानंतर त्याचं हळू आवाजात, "बरं." मग परत, "बरं." तीन वर्षांत हा शब्द मी त्याच्या तोंडून एकदाही ऐकला नव्हता.